आधी चर्चचं मस्टर उघडा

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या आमच्या चर्चच्या पास्टरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) सेक्रेटरी आहे, आणि चर्चच्याच शाळेत शिक्षिका. मंडळीत सुमारे १२० कुटुंबं. नगरपरिषदेच्या सफाईच्या ठेक्यावर ४६ जण आहेत, त्यांतले १९ आमच्या मंडळीतले. पगार बँकेत जमा होतो, पण दर महिन्याला मुकादम प्रत्येकाकडून १,५०० रुपये रोख परत घेतो. हातमोजे वर्षातून एकदा. पीएफचं काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही. ठेकेदाराचा भागीदार आमच्या कमिटीतल्या एका सभासदाचा मेहुणा आहे, आणि त्या भागीदारानेच गेल्या नाताळात चर्चला १,१०,००० रुपयांची साऊंड सिस्टीम दिली. विषय काढला तर पाळकसाहेब म्हणतात, "चर्च आत्म्यांसाठी आहे, हे राजकारण झालं. ट्रस्टची नोंदणी जाईल. फार तर दोघांना समोरासमोर बसवून समेट करू." मंडळीने काय करावं?
– एक सेक्रेटरी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर :

ताई, जय ख्रिस्त.

तुमच्याच पत्रातले आकडे आधी मांडू. ४६ जण गुणिले १,५०० म्हणजे महिन्याला ६९,००० रुपये, वर्षाला ८,२८,०००. साऊंड सिस्टीमचे पैसे दोन महिने भरायच्या आत वसूल झाले. आमोसाच्या पाचव्या अध्यायातलं चोविसावं वचन, न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणणारं, आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं तेविसावं सहसा कोणी वाचून दाखवत नाही. त्यात देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून काढून टाका, तुमच्या वाद्यांचं वाजवणं मी ऐकणार नाही. पुढच्या रविवारी हे वचन त्याच स्पीकरमधून वाचलं गेलं तर मंडळीला संदेशाची वेगळी गरज पडणार नाही.

पण लगेच नगरपरिषदेवर जाऊ नका. आधी चर्चचं स्वतःचं मस्टर उघडा.

हे सांगण्यामागे व्यवहार आहे. तुमचं पत्र गेलं की ठेकेदाराची माणसं पहिली कुठे जातील, तर चर्चच्या गेटवरच्या वॉचमनकडे. त्याला पगार किती, तो किती तास बसतो, सुट्टी मिळते का? शाळेतल्या मावशींना मे महिन्याचा पगार देता का? झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा, दफनभूमीत खड्डा खणणारा यांना हातावर काही टेकवता की पावती देता? 'सेवा आहे' म्हणून निम्म्या पगारात राबवलेला एक माणूस निघाला, तरी तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपातून डावललं जातंय अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तिला राजकारण म्हटलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटप नीट लावलं. तुम्हालाही तेच करायचं आहे : तीन जणांची छोटी समिती, पंधरा दिवसांची मुदत, आणि एका कागदावर चार रकाने. माणसाचं काम, प्रत्यक्ष तास, हातात पडणारी रक्कम, आजचा किमान वेतन दर. महाराष्ट्रात या दरात मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात आणि भत्ता जानेवारीत व जुलैत, असा वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून कुणाच्या तरी मोबाईलमधला जुना तक्ता धरू नका. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून चालू सहामाहीचा घ्या. तफावत निघाली तर पुढच्या महिन्यापासून दर दुरुस्त करा, थकबाकी किती हप्त्यांत देणार ते लिहून त्या माणसाच्या हातात द्या.

त्याच फेरीत मिशन कंपाउंडमधल्या सेप्टिक टँकचं झाकण कोण उघडतं, तेही विचारा. बहुतेक चर्चच्या आवारात हे काम 'नेहमीचा माणूस' करतो, बादली-दोरी घेऊन, दोन-तीन हजारांत. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी नगरपरिषदेला आहे तशी चर्चलाही आहे. टाकीत जमणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची जाणीवच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस उतरतो आणि खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. म्हणून व्हॅक्यूम टँकर बोलवा आणि पावती फाईलला लावा. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाला तर कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं होतं. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने गटारातल्या मृत्यूची ती रक्कम ३० लाख केली. हे आकडे तुमच्या ४६ जणांनाही माहीत असायला हवेत. नगरपरिषदेची चेंबर उघडायला त्यांनाच पाठवतात.

आता पाळकसाहेबांची भीती. ती सगळीच खोटी नाही, पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत.

पहिली, वचनाची. मजुरी हा राजकारणाचा विषय आणि शाळा-दवाखाना हा आत्म्याचा, अशी वाटणी शास्त्रात कुठे नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे राहू देऊ नये, हे लेवीय १९:१३ आहे. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं, हे याकोब ५:४ आहे. पाळकसाहेब बहुधा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतील, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणून. तेव्हा प्रेषितांची कृत्ये १६:३७ पुढे ठेवा. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून कोंडलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायला सांगितलं. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. नागरिक म्हणून असलेला हक्क वापरणं त्याला विश्वासाच्या आड आलं नाही.

दुसरी गोष्ट, कायद्याची. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणाऱ्या १९८८ च्या कायद्यानुसार चर्चच्या जागेचा वापर राजकीय कारवायांसाठी करता येत नाही. म्हणून चर्चच्या हॉलमध्ये कोणत्याही पक्षाचा झेंडा, उमेदवार, नगरसेवकाचा सत्कार नको; आणि पालिकेची निवडणूक लागली असेल तर त्या काळात कामगारांची सभा सरळ समाजमंदिरात घ्या. मजुरीच्या कायद्याची अंमलबजावणी मागणं मात्र पक्षाचं काम नव्हे. ट्रस्टच्या नोंदणीचं म्हणाल तर घटनापत्र काढून उद्देशांचं कलम वाचा. गरिबांना साहाय्य हा उद्देश सहसा असतोच. असेल तर त्या कलमाचा क्रमांक ठरावात घाला. नसेल तर ट्रस्टचा पैसा या कामात नको, वर्गणी वेगळी काढा.

तिसरी, परदेशी निधीची. डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) परदेशी निधीच्या खात्यातला एक रुपयाही याला लावू नका, झेरॉक्ससाठीसुद्धा नको. पक्षीय हेतू नसताना लोकांच्या रास्त मागण्यांना पाठिंबा देणाऱ्या संस्थेला केवळ तेवढ्यावरून राजकीय ठरवून तिचा परदेशी निधी रोखता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० ला म्हटलं आहे. पण निकाल हातात असणं वेगळं आणि दोन वर्षं नोटिशींना उत्तरं देत बसणं वेगळं. दानार्पणाच्या पैशात हे काम भागतं.

आता पुराव्याकडे वळू. यात सगळ्यात जास्त चुका होतात.

बँकेत पूर्ण पगार जमा होत असल्यामुळे कागदावर ठेकेदार स्वच्छ आहे. रोख परत घेतल्याचा कागद कोणी देत नाही. तो कामगारांनीच तयार करायचा असतो, आणि त्याच दिवशी. प्रत्येकाला एक छोटी वही द्या. तारीख, हजेरी, पाळी, जमा झालेली रक्कम, काढलेली रक्कम, परत दिलेले पैसे, कुणाच्या हातात, कुठे, सोबत कोण होतं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी त्याच्या घरातल्या शाळकरी मुलाने लिहावं, खाली अंगठा. सभेच्या आदल्या रात्री चाळीस वह्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरल्या जातात आणि अधिकारी त्या पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो. असं होऊ देऊ नका. तीन महिन्यांच्या खऱ्या, अधूनमधून रिकाम्या राहिलेल्या बारा वह्या त्यांच्यापेक्षा जड ठरतात. एटीएमच्या स्लिपा जपायला सांगा, पण तो उष्णतेने छापला जाणारा कागद असतो. काही महिन्यांत पांढरा होतो. आठवड्याच्या आत झेरॉक्स काढा आणि पासबुक दर महिन्याला भरून घ्या. पगाराच्या दिवशी ४६ खात्यांतून तासाभरात १,५०० रुपयेच निघतात, हे पासबुकावर आपोआप दिसतं. आणि एटीएम कार्डं मुकादमाकडे असतील तर ती आधी परत घ्या. मागून मिळत नसेल तर बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवं घ्यायचं.

पीएफसाठी प्रत्येकाचा यूएएन (पीएफ सभासदाचा) क्रमांक शोधा आणि सरकारच्या उमंग अॅपवर पासबुक उघडा. इथे दोन अडचणी हमखास येतात. एक, खात्याला ठेकेदाराच्या ऑफिसातल्या कारकुनाचा मोबाईल जोडलेला असतो, त्यामुळे ओटीपी कामगाराकडे येतच नाही. दोन, ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढलेला असतो आणि जुने पैसे जुन्याच क्रमांकावर पडून राहतात. दोन्ही पीएफ कार्यालयात आधार दाखवून दुरुस्त होतात, चकरा माराव्या लागतात. मग हिशेब पाहा. पीएफसाठी धरलेलं वेतन १४,००० असेल तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,६८० कापायचे आणि ठेकेदाराने स्वतःच्या खिशातून तेवढेच भरायचे. पगारातून ३,३६० कापलेले दिसले तर मालकाचा हिस्साही कामगाराकडूनच वसूल होतोय. हा प्रकार फार जुना आहे. ईएसआयमध्ये (कामगारांच्या राज्य विमा योजनेत) कामगाराचा वाटा फक्त ०.७५ टक्के, म्हणजे १४,००० वर १०५ रुपये, मालकाचा ३.२५ टक्के.

नगरपरिषदेच्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. मागायचं काय : सफाई ठेक्याचा कार्यादेश आणि अटी, गेल्या बारा महिन्यांची मंजूर देयकं, प्रत्येक देयकासोबतचा मनुष्यबळाचा आकडा, आणि पीएफ-ईएसआयच्या चलनांच्या प्रती. कामगारांची नावं आणि खाते क्रमांक मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज फेटाळायला कारण मिळतं. संख्या आणि रकमा मागा. बिलात ६० माणसं आणि रस्त्यावर ४६ असं निघालं तर विषय १,५०० रुपयांपुरता राहत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज तुम्ही करू नका, का ते शेवटी सांगते.

हे सगळं हातात आलं की कमिटीत ठराव. ज्या सभासदाचा मेहुणा भागीदार आहे, त्यांनी त्या विषयापुरतं बाहेर बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. त्यांच्यावर आरोप नाही हेही लिहा. गावात राहायचं आहे सगळ्यांना. ठराव लांब नको. एवढा पुरे :

"नगरपरिषदेच्या सफाई ठेक्यावरील कामगारांना कायद्याप्रमाणे पूर्ण वेतन, सुरक्षा साधने व भविष्य निर्वाह निधी मिळावा, यासाठी कामगारांनी चालवलेल्या कायदेशीर प्रयत्नांना ही कमिटी पाठिंबा देत आहे. विषयाचा निकाल लागेपर्यंत संबंधित ठेकेदार, त्याचे भागीदार व मुकादम यांच्याकडून कोणतेही दान स्वीकारले जाणार नाही."

साऊंड सिस्टीम परत करायची का, हा प्रश्न पहिल्याच सभेत उठेल आणि दोन तास खाईल. आमचं मत, सध्या राहू द्या. वाजतगाजत परत करणं हे नाटक होतं आणि ४६ जणांच्या खिशात त्यातून एक रुपया येत नाही. दात्याच्या नावाची पाटी लावली असेल ती मात्र उतरवा.

ठरावाची प्रत जोडून पहिलं पत्र मुख्याधिकाऱ्यांना, कामगारांच्या सह्यांनी. प्रत सरकारी कामगार अधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आवक क्रमांक आणि शिक्का. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मूळ मालकाला, म्हणजे नगरपरिषदेला द्यावं लागतं, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही आहे. म्हणून ठेकेदाराशी भांडण्यापेक्षा मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारणं जास्त लागू पडतं. नव्या वेतन संहितेत थकलेल्या वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा घाईत अर्धवट दावा नको.

एक धोका मात्र ख्रिस्ती मंडळीलाच जास्त आहे, आणि सहसा कोणी बोलून दाखवत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. तुमच्या १९ जणांपैकी काही घरांत जातीचा दाखला हिंदू म्हणून असेल आणि रविवारी कुटुंब चर्चमध्ये. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा झालेल्या एका महिलेचा असा दावा नाकारला आहे. म्हणून तक्रारीला चर्चची सभासद यादी जोडू नका, चर्चच्या लेटरहेडवर कामगारांची नावं छापू नका, प्रार्थनेचे फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यात 'आमचे ख्रिस्ती कामगार' म्हणून वाचलं गेलं तर मजुरीचं प्रकरण बाजूला राहून कुणाच्या तरी मुलीचा दाखला पडताळणीत अडकेल. दर्जा धर्माशी बांधला हा अन्यायच आहे, त्याची लढाई दिल्लीत चालू आहे. ती तुमच्या गावातल्या सफाई कामगाराच्या अंगावर ढकलायची नाही.

दुसरं कारणही आहे. उरलेले २७ जण तुमच्या मंडळीतले नाहीत. मजुरी त्यांचीही बुडते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचा लढा उभा केला तो चर्चची संघटना म्हणून नव्हे, संरक्षण समिती म्हणून, आणि सगळ्या समाजांची माणसं त्यात आली. तुमच्याकडेही समिती कामगारांची असावी, अध्यक्ष त्यांच्यातला. कामगारांच्या बैठकीत बायबलवाटप नको, सभासद होण्याची अट नको, समाप्तीची प्रार्थनासुद्धा नको. प्रार्थना चर्चमध्ये करा, मध्यस्थीच्या प्रार्थनेत 'आमच्या गावातले सफाई कामगार आणि त्यांना काम देणारे' म्हणा. कुणाचं नाव पुलपिटावरून घेऊ नका. बदनामीची नोटीस आली तर विषय तिथेच रुततो.

समेटाबद्दल एवढंच. पाळकसाहेबांचा हेतू चांगला असेल. पण मुकादम एका खुर्चीत, त्याच्या मर्जीवर हजेरी लागणारी बाई दुसऱ्या खुर्चीत आणि मध्ये पाळक, यात ती बाई 'काही तक्रार नाही' असंच म्हणणार. १९८५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मशास्त्रज्ञांनी कैरोस नावाच्या निवेदनात याच सवयीवर बोट ठेवलं होतं : अन्याय चालू असताना चर्चने दोन्ही बाजूंना समेट करायला सांगणं. आधी वसुली थांबली पाहिजे, घेतलेले पैसे खात्यात परत आले पाहिजेत. मग पाळकसाहेबांनी चहाला खुशाल बोलवावं.

पहिल्या पत्रानंतर आठवड्याभरात कुणाला तरी 'उद्यापासून येऊ नको' सांगितलं जाईल. बहुधा एकट्या राहणाऱ्या बाईला किंवा सगळ्यात नव्या मुलाला. त्याची तयारी पत्राच्या आधी करा. १२० कुटुंबांनी महिन्याला १०० रुपये काढले तर १२,०००, आणि तीन महिने आधी सुरू केलं तर पत्र देताना हातात ३६,०००. दोन घरांचं रेशन, भाडं आणि शाळेची फी तीन महिने त्यात निघते. दोघांपेक्षा जास्त जण काढले तर पुरणार नाही, तेव्हा शेजारच्या दोन पास्टरेटशी आधीच बोलून ठेवा. ज्याला काढलं त्याने रोज पाळीच्या वेळेला हजेरीच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि वहीत लिहायचं. घरी बसला की 'स्वतःहून काम सोडलं' अशी नोंद होते.

राहता राहिल्या तुम्ही. चर्चच्याच शाळेत नोकरी आणि कमिटीची सेक्रेटरी, म्हणजे दाब तुमच्यावर सगळ्यात आधी येणार. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज कमिटीबाहेरच्या, शाळेशी संबंध नसलेल्या एखाद्या निवृत्त माणसाच्या नावाने जाऊ द्या. तुमची सही फक्त ठरावाच्या खऱ्या प्रतीवर असावी, सेक्रेटरी म्हणून. सभेची नोटीस लेखी काढा, इतिवृत्त त्याच दिवशी पूर्ण करा आणि त्याचा फोटो काढून घरी ठेवा. रजिस्टरं अशा वेळी कपाटातून हरवतात. आणि कामगारांची पहिली बैठक रविवारी उपासनेनंतर ठेवू नका. पहाटे सहाची पाळी रविवारीही असते, त्या वेळी ते १९ जण चर्चमध्ये नसतात. दुपारी चारला ठेवा.